नीरेचें पाणी आणि उंसाचें इंधन

पेट्रोलांत मिसळावयाचा मद्यार्क, ज्यास हल्लीं सर्वत्र इथेनॉल म्हणतात, हा अगदीं नव्या युगाचा शोध आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. त्याच्या पुरस्कर्त्यांस त्यांत देशाचें वांचलेलें परकीय चलन व शेतकऱ्याचें उजळलेलें भाग्य दिसतें. विरोधकांस अन्नाचा अपहार व पाण्याची नासाडी दिसते. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आहे. परंतु या वादाचा पूर्वेतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. तो सांगण्यास सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूरचा परिसर जितका सोईचा, तितका दुसरा क्वचितच सांपडेल.

अर्धनारीनटेश्वराच्या देवालयामुळें व यादव राजा रामचंद्र याच्या काळच्या शिलालेखांमुळें वेळापूर इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. वारकऱ्यांस तें ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्काम म्हणून परिचित आहे. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. ज्वारी हें येथील परंपरागत पीक, आणि अवर्षण हा येथील नित्याचा पाहुणा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दक्षिणेंतील इतर जिल्ह्यांबरोबर सोलापूरहि होरपळून निघालें. त्या काळांत नीरेच्या पाण्याची योजना आकारास आली. भाटघरचें धरण व डावा कालवा झाला. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत भाटघरला अधिक मोठें धरण उभें राहिलें आणि उजव्या कालव्यानें माळशिरस तालुक्याचें रूप पालटलें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. हे कालवे काढण्याचा मुख्य हेतु दुष्काळनिवारण हा होता. ज्वारी-बाजरीचें रक्षण व्हावें, माणसें व गुरें जगावीं, यासाठीं तें पाणी होतें. परंतु ज्वारीचा शेतकरी पाऊस बरा झाला कीं कालव्याकडे पाठ फिरवी, आणि पाऊस चुकला म्हणजे सर्वजण एकदम पाणी मागत. अशा गिऱ्हाइकावर कालव्याचा खर्च भागेना. ऊंस मात्र बारा महिने पाणी घेई व पट्टीहि भरी. त्यामुळें दुष्काळासाठीं आणलेलें पाणी हळूहळू उंसाकडे वळलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या सेवेंत असतांना मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं नीरा कालव्यावर फडपद्धतीसारखी जी ‘ब्लॉक’ची व्यवस्था सुचविली, तिचें मर्म हेंच होतें: पाणी अनेक गांवांस वांटावें, ठराविक क्षेत्राच्या सुमारें तिसऱ्या हिश्शांतच ऊंस असावा, उरलेल्यांत कमी पाण्याचीं पिकें घ्यावीं, व उंसाची जागा पाळीपाळीनें बदलावी.

१९३२ मध्यें साखरधंद्यास कायद्यानें संरक्षण मिळालें व देशांत कारखान्यांची एकच गर्दी उसळली. सासवडच्या माळी बागाईतदारांनीं माळीनगरला आपला कारखाना काढला; चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला झाला. दोन्ही स्थळें माळशिरस तालुक्यांतलीं. पुढें सहकाराची लाट आली, व १९८० च्या सुमारास उजनीचें धरण पुरें झाल्यावर उंसानें जिल्ह्यांत सर्वदूर पाय पसरले.

कारखान्यांबरोबर मळी आली. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या या काळ्या द्रवाचें करावें काय, हा प्रश्न त्या काळींच उपस्थित झाला, आणि मद्यार्क गाळून तो मोटारींच्या इंधनांत मिसळावा हें उत्तरहि तेव्हांच सुचलें. १९४८ मध्यें मध्यवर्ती सरकारनें त्याबद्दल स्वतंत्र कायदा केला. पण स्वस्त खनिज तेलापुढें तो निस्तेज राहिला व २००० मध्यें रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षीं मिरज व मनमाड येथें मिश्रणाचे नवे प्रयोग सुरू व्हावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! २००३ पासून कांहीं राज्यांत पांच टक्के मिश्रण सुरू झालें. २०१८ च्या धोरणानें मळीपुरता असलेला परवाना थेट उंसाच्या रसापर्यंत वाढविला. आणि २०२५ मध्यें मिश्रण वीस टक्क्यांवर पोहोंचलें.

पुरस्कर्त्यांचें म्हणणें हलकें लेखण्याजोगें नाहीं. देशास लागणाऱ्या खनिज तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बाहेरून येतो. साखरेचे भाव कोसळले म्हणजे कारखान्यांकडे शेतकऱ्यांचें देणें थकतें. मद्यार्काच्या विक्रीनें तें लवकर फिटूं शकतें. शिवाय गाळपास लागणारी वाफ उंसाच्याच चिपाडांवर निघते.

परंतु दुसरी बाजू पाण्याची आहे. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालानें उंसापासून होणाऱ्या एक लिटर मद्यार्कामागें सुमारें २,८६० लिटर पाणी धरलें आहे. महाराष्ट्रांत लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊंस सिंचनाच्या सुमारें सत्तर टक्के पाण्याचा उपभोग घेतो, हा कृषिमूल्य आयोगाचा निष्कर्ष प्रसिद्धच आहे. मद्यार्क गाळल्यावर त्याच्या कित्येक पट सांडपाणी उरतें. त्याची नीट व्यवस्था न झाल्यास ओढे व विहिरी नासतात. डिसेंबर २०२३ मध्यें पाऊस कमी झाल्यानें साखरेची चणचण भासेल अशी भीति पडतांच सरकारला रसाच्या वापरावर एकाएकीं निर्बंध घालावे लागले. अन्न व इंधन हीं एकाच शेतांत वाढूं लागलीं म्हणजे अवर्षणाच्या वर्षीं त्यांचें भांडण ठरलेलेंच.

शेतकरी ऊंस लावतो तो केवळ लोभानें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या पिकास कायद्यानें ठरलेला भाव व हमखास गिऱ्हाईक आहे, तेंच पीक तो निवडतो. ज्वारीस किंवा तुरीस तशी शाश्वती असती तर त्यानें कदाचित् वेगळा विचार केला असता. म्हणून दोष द्यावयाचा तो धोरणास द्यावा.

आमच्या मतें निवाड्याची कसोटी साधी आहे. जी साखर होणारच आहे तिच्या मळीचा मद्यार्क निराळें पाणी मागत नाहीं; त्यास विरोध करण्याचें कारण नाहीं, मात्र सांडपाण्याची व्यवस्था चोख हवी. परंतु इंधनासाठींच नवा ऊंस लावावयाचा असेल, तर तो कोणाचें पाणी घेणार हें आधीं सांगितलें पाहिजे. पाण्याच्या वांटणीचें बंधन शतकापूर्वीं एका अभियंत्यास सुचलें होतें. तें आपण पाळलें नाहीं. कालव्याच्या शेपटाकडील कोरडवाहू शेतकरी आजहि आपल्या पाळीची वाट पाहत आहे. त्याचा हिस्सा प्रथम बाजूस काढून मग जें उरेल त्यावर गाड्या चालवाव्या. कारण मुळांत तें पाणी त्याच्याच नांवानें आणलेलें होतें.