जुन्या गंजिफा: घेण्याजोग्या कोणत्या?

१९८९ सालीं जपानांत निघालेला गेम बॉय, किंवा त्याच्याही आधींचे मुठींत मावणारे व्हिडिओ-खेळ, आज कित्येक हौशी मंडळी जुन्या बाजारांत शोधीत असतात. घेतांना त्यांची परीक्षा सोपी असते: पडद्यावर चित्र उमटतें काय, कळा चालतात काय, आणि खेळ शेवटपर्यंत खेळतां येतो काय. हीच परीक्षा आपल्या कोंकणांतील एका फार जुन्या हातांतल्या खेळास लावावी, असें मला सुचवावयाचें आहे. तो खेळ म्हणजे सावंतवाडीच्या गंजिफा. संस्थान विलीन झाल्यावर १९८१ पर्यंत तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. तेव्हां रत्नागिरीकरांनीं त्यांस आपल्याच म्हणण्यास हरकत नाहीं.

बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तांत आहे. मोंगली डाव आठ रंगांचा, ९६ पानांचा. आपल्याकडे त्याचें रूप पालटलें आणि रंगांच्या जागीं विष्णूचे दहा अवतार आले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येकाचीं बारा पानें: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, एकूण १२०. तिघे बसले कीं प्रत्येकास चाळीस. पांच रंगांत प्रधानाखालीं दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पांचांत एक्का. आणि दिवसा डावाचा आरंभ रामाच्या राजानें व्हावयाचा, रात्रीं कृष्णाच्या. पडलेलें पान ध्यानांत ठेविल्यावांचून येथें निभाव लागत नाहीं.

आतां खरेदीचें. संग्राहकाची नजर प्रथम दरबारी गंजिफांवर जाते: कडेनें नक्षीची पट्टी, आंत नाजूक काम. बाजारी गंजिफांस ती पट्टी नसते आणि कुंचलाही भरभर फिरलेला असतो. तरीही अपुऱ्या दरबारी संचापेक्षां पुरा बाजारी संच घ्यावा, असेंच मी म्हणेन. ११९ पानांचा संच हा चित्रसंग्रह झाला, खेळ नव्हे. हरवलेलें पान नेमकें रामाचा राजा असेल, तर दिवसाचा डाव सुरूच व्हावयाचा नाहीं! म्हणून विक्रेत्यादेखत पानें रंगवार मांडून मोजावीं. मग पाठी पाहाव्या. डागावरून वा ओरखड्यावरून पाठमोरें पान ओळखूं येत असेल, तर खेळाची गंमत गेली. शेवटीं कडा. चिंचोक्याच्या खळीनें जोडलेले थर आणि वरचा लाखेचा हात, दोहोंसही कोंकणची ओल मानवत नाहीं. कडेला पापुद्रे सुटलेलें पान हातांत फार दिवस टिकत नाहीं.

छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले आणि चिताऱ्यांचें गिऱ्हाईक सुटलें. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार-दालनांत कारागीर बसविले. कला वांचली, डाव वांचला असें मात्र म्हणवत नाहीं. चौकटींत बसवून भिंतीवर टांगण्यासाठीं दोन-चार सुटीं पानें नेणारेंच गिऱ्हाईक असेल, तर कारागिरानें उरलेल्या एक्क्या-दुऱ्या कोणासाठीं रंगवाव्या?

नवा असो वा जुना, पुरा संच घरीं आला कीं तिघांनीं दिवसाउजेडीं बसून रामाचा राजा टाकावा. चाळीस गोल पानें हातांत धरावीं कशीं, तेथपासूनच शिकावें लागेल.