नागसेनवनातील वसतिगृहे : शिक्षणाआधी निवारा

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील नागसेनवन हा पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा शैक्षणिक परिसर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही संस्था १९४५ मध्ये स्थापन केली आणि जून १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. ग्रीक राजा मिलिंद आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्खू नागसेन यांच्यावरून महाविद्यालयाला आणि परिसराला नावे मिळाली. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आहे, हे येथे राहणाऱ्या विद्यार्थ्याने जरूर लक्षात ठेवावे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि विद्यापीठ येथे १९५८ साली आले. त्याआधी खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला औरंगाबादेत प्रवेश मिळाला तरी राहायचे कुठे, हा प्रश्न उरेच. जात विचारल्याशिवाय भाड्याची खोली मिळत नसे. म्हणून वसतिगृह ही येथे जादा सोय नव्हती. त्याच्याशिवाय महाविद्यालय रिकामेच राहिले असते. बाबासाहेबांना हे फार आधी कळले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्येच सोलापुरात वसतिगृह काढले होते.

नागसेनवनातले राहणे म्हणजे निव्वळ खोली नव्हे. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादची पोरे एका मेसमध्ये जेवत, जुनी पुस्तके पुढच्या वर्गाकडे जात आणि अर्ज कसा भरायचा हे सिनियर सांगत. ज्याच्या घरात कोणी कॉलेज पाहिले नाही, त्याला हे सांगणारे दुसरे कोण? याच परिसरात चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक घडले, गंगाधर पानतावणे यांनी शिकवले. विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव केला, त्यानंतर १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चाललेल्या लढ्यात ही वसतिगृहे सतत जागी होती. अभ्यास बुडाला अशी तक्रार तेव्हाही होत असे. ती सर्वस्वी खोटी नव्हती, पण ज्यांनी ती केली त्यांच्या मुलांना खोलीसाठी जात सांगावी लागत नव्हती.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वसतिगृहांत एक शब्द ऐकू येतो : ‘पॅरासाइट’. म्हणजे यादीत नाव नसताना मित्राच्या खोलीत सतरंजी टाकून राहणारा. नियमाने तो चूक. पण जागा कमी आणि गरजू जास्त असल्यावर दुसरे काय होणार? त्याला हाकलण्याआधी रेक्टरने जागांची संख्या मोजावी.

ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ २०१६-१७ पासून आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, औरंगाबादसारख्या विभागीय शहरांत ५१ हजार आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, असे मूळ दर. ५१ हजारांत भोजनासाठी २८ हजार, निवासासाठी १५ हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार धरले आहेत. निवासाचे १५ हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे. तेवढ्यात कॉट बेसिसवर जागा शोधायची, तीही पैसे खात्यात यायच्या आधी घरमालकाला डिपॉझिट देऊन. योजना हवीच, मात्र तिच्या आधाराने नवी वसतिगृहे बांधायचे टाळले जात असेल तर समाजाने ते खपवून घेऊ नये. प्रवेश घेताना वसतिगृहाचा अर्जही त्याच आठवड्यात भरावा. नाकारले गेल्यास ते लेखी मागावे, स्वाधारच्या अर्जाला तो कागद उपयोगी पडतो.