नागपूर, १९७० : सहा मंडळ्या आणि एक प्रश्न

१.
२९ नोव्हेंबर १९७०. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रल येथे सहा ख्रिस्ती मंडळ्यांनी आपले वेगळे अस्तित्व विसर्जित केले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मास आले. या एका दिवसामागे एकेचाळीस वर्षांची चर्चा होती. इतका काळ का लागला?

२.
एकोणिसाव्या शतकात मिशनांनी आपापली कार्यक्षेत्रे बरीचशी वाटून घेतली होती. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल पंथ. नागपूरला स्टीफन हिस्लॉप यांचे स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशन. बंगालमध्ये विल्यम केरी यांचे बॅप्टिस्ट. त्यामुळे एखाद्याचा पंथ कोणता, हे पुष्कळदा त्याच्या गावावरून ठरे.

३.
१९१९ मध्ये दक्षिणेतील तरंगंबाडी येथे बिशप अझरया आणि इतर भारतीय पाळक एकत्र आले. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : या फुटी आपण घडवलेल्या नाहीत, त्या बाहेरून लादल्या गेल्या आहेत. मग या देशात आपण कशासाठी आहोत? पुढचा सारा प्रवास या प्रश्नातून निघाला.

४.
उत्तरेत १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. १९२९ मध्ये लखनौला गोलमेज बैठक भरली. इतर पंथही चर्चेत आले आणि खऱ्या गाठी समोर आल्या.

५.
पहिली गाठ बिशपपदाची. अँग्लिकनांना बिशपांची प्राचीन परंपरा मोडणे मान्य नव्हते. प्रेसबिटेरियनांचा कारभार वडिलांच्या सभांतून चाले. काँग्रिगेशनल मंडळी स्वतःचे निर्णय स्वतः घेई. तोडगा असा निघाला : बिशप असेल, पण घटनेने बांधलेला. पाळक आणि सामान्य सभासद यांच्या सभेपासून अलग राहून तो राज्य करणार नाही.

६.
दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. बहुतेक पंथ बालकांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्टांच्या मते मात्र तो जाणत्या वयात, स्वतः विश्वास प्रकट करूनच घ्यावयाचा. येथे कोणालाही हरवले गेले नाही. दोन्ही पद्धती ग्राह्य ठरल्या, आणि ज्या पाळकाच्या सदसद्विवेकाला बालबाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर तो देण्याची सक्ती नको, असे ठरले.

७.
तिसरी गाठ सर्वांत नाजूक : वेगवेगळ्या परंपरांतील पाळकांना एक कसे करायचे? १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने पूर्वीच्या पाळकांना आहे तसेच स्वीकारले होते. उत्तरेने आरंभीच सर्वांवर हात ठेवून प्रार्थना करण्याचा विधी ठरवला. ही नवी दीक्षा होती का? प्रार्थनेचे शब्द जाणीवपूर्वक मोकळे ठेवले गेले. ज्याला जे उणे असेल ते देवाने पुरवावे; काय उणे आहे, हे माणसांनी ठरवू नये.

८.
या आराखड्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १९६५ मध्ये चौथी सुधारित आवृत्ती आली. ती प्रत्येक मंडळीच्या सभांपुढे मतासाठी गेली. अखेर अँग्लिकन, संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट अशा सहा मंडळ्यांनी होकार दिला.

९.
पण सातवी, अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी, वर्षानुवर्षे चर्चेत सहभागी राहूनही १९७० मध्येच, उद्घाटनाच्या काही महिने आधी बाहेर पडली. दशकांची सोबत एका निर्णयाने संपली. पुढे १९८१ मध्ये ती ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वतंत्रपणे उभी राहिली.

१०.
आत आलेल्यांचेही सारे सुरळीत झाले नाही. गुजरातेतील ब्रेदरनांपैकी काहींनी पुढे ऐक्य नाकारले; मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रार्थनेत मोकळे ठेवता येणारे शब्द मालमत्तेच्या कागदावर मोकळे ठेवता येत नाहीत.

११.
‘ऐक्य, साक्ष, सेवा’ हे या मंडळीचे ब्रीद. हे तीन शब्द वाचायला क्षणभर पुरतो. त्यांवर एकमत व्हायला चार दशके लागली. त्या काळात मतभेद मिटले नाहीत. कोणते मतभेद सोबत घेऊन एका छपराखाली राहता येईल, एवढे मात्र ठरले. नागपूरच्या त्या दिवसाचे महत्त्व त्यातच आहे.