चुंबकसूची का हलत नाही?

तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. ऑर्स्टेडचा १८२० सालचा हा प्रयोग आपण वर्गात नेहमी करून दाखवतो. मेंदूच्या पेशींतूनही सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतात. मग डोक्याजवळ धरलेली चुंबकसूची का हलत नाही? एखाद्या विद्यार्थ्याने असे विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर हाती यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

माणसाच्या मेंदूतील विजेची पहिली नोंद जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतली व १९२९ साली प्रसिद्ध केली. हाच ईईजी. त्यासाठी डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात. शिवाय कवटी विजेची दुर्वाहक असल्याने संकेत बाहेर येईपर्यंत पसरट होतात आणि त्यांचा उगम नेमका कळत नाही. चुंबकीय क्षेत्राला मात्र कवटीचा अडथळा जवळजवळ होत नाही.

अडचण वेगळीच होती. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ५० कोटीव्या भागाइतके क्षीण! रस्त्यावरची मोटारसुद्धा ते झाकून टाकते. म्हणून अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड कोहेन यांनी बाहेरचा चुंबकीय गोंगाट अडवणाऱ्या खोलीत काम केले. १९६८ साली त्यांनी तांब्याच्या तारेच्या सुमारे दहा लाख वेढ्यांच्या वेटोळ्याने मेंदूच्या अल्फा लहरींचे क्षेत्र टिपले. संकेत इतका अंधुक, की पुष्कळ नोंदींची सरासरी काढावी तेव्हा तो दिसे. पुढे जोसेफसन यांनी १९६२ साली वर्तवलेल्या परिणामावर चालणारे 'स्क्विड' हे अतिवाहक उपकरण मदतीला आले आणि १९७२ साली कोहेन यांना सरासरीविना स्पष्ट नोंद मिळाली. डोक्याला काहीही न चिकटवता!

परंतु स्क्विड उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये ठेवावे लागते. त्यामुळे यंत्र अवजड, महाग आणि त्यातील डोके ठेवण्याची खोबण ठरावीक मापाची. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी झटक्यांचा उगम शोधण्यास ते उपयोगी पडते. पण चुळबुळ्या लहान मुलाने डोके स्थिर ठेवावे कसे?

यावर तोडगा निघाला तो वाफेतून. रुबिडियमच्या वाफेतून लेसर प्रकाश सोडून क्षेत्र मोजणाऱ्या संवेदकांना अतिशीत तापमान लागत नाही. २०१८ साली नॉटिंगहॅम व लंडन येथील संशोधकांनी ते डोक्यावर घालण्याच्या साच्यात बसवले. मापन चालू असताना माणूस मान हलवत होता, चहासुद्धा पीत होता! संरक्षक खोली मात्र अजून लागतेच.

तेव्हा विद्यार्थ्याला सांगावे: सूची हलत नाही, कारण ती पुरेशी संवेदनक्षम नाही. क्षेत्र तिथे आहेच.