जुनेराची मिरास

पेशवाईत जामदारखान्यात जमा होणाऱ्या शेल्या-पागोट्यांची आणि फरासखान्यातील राहुट्या-गालिच्यांची नोंद कारकून काटेकोरपणे ठेवीत, तो नोंदीचा कागदही अखेर रुमालात बांधूनच दप्तरी पडे, आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात तयार होणाऱ्या कागदाच्या लगद्यात जुन्या चिंध्यांचाही अंश असे. चिंधीचा सरकारी कामकाजाशी हा असा संबंध होता. परंतु रयतेच्या घरी जे वस्त्र विरून विरून शेवटी गोधडीच्या पोटात जाई, त्याचा ताळेबंद घरातील वडीलधाऱ्या बाईच्या ध्यानातच राहिला आणि बहुधा तिच्याबरोबरच गेला.

गोधडी म्हटली की आज रंगीबेरंगी चौकोन-त्रिकोणांची मांडणी डोळ्यांपुढे येते. माझ्या मते हे रूप बरेच अर्वाचीन आहे. जुन्या मराठी गृहस्थीतील प्रधान वस्त्रे, म्हणजे नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे आणि पागोटे, ही सर्व मागावरून उतरली की तशीच नेसायची किंवा गुंडाळायची. शिंप्याचे काम चोळी, अंगरखा, बाराबंदी एवढ्यापुरते. इतिहासकार ग्रँट डफने दिलेल्या गावगाड्याच्या यादीत तो बलुत्यांत नसून अलुत्यांत बसतो, यावरूनही त्याची गरज कितपत भासे याचा अदमास येतो. जेथे कात्री फारशी चालतच नव्हती, तेथे कातरणांचे ढीग कोठून पडणार? त्या काळच्या गोधडीचा कच्चा माल तुकडा नसून वापराने झिजलेले, परंतु लांबरुंद असे सबंध वस्त्र होता.

आणि ते वस्त्र गोधडीपर्यंत पोचण्यास वर्षे लागत. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याने ते मध्ये विरते, काठ व पदर मात्र शाबूत राहतात. तेव्हा विरलेला भाग काढून उरलेली दोन टोके जोडीत. याला दांड घालणे म्हणत, आणि दांडाचे लुगडे नेसण्यात बहुसंख्य घरांना काही कमीपणा वाटत नसे. त्यानंतर त्याचे जुनेर होई. त्यातून धाकट्या मुलीचा परकर निघे, आणि नवे कापड टोचते म्हणून तान्ह्या मुलाला अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या याच वस्त्राचे बाळंते व दुपटे मिळे. एवढ्यातून जे राही ते गोधडीच्या वाट्याला, आणि गोधडीलाही नको ते काकड्याला किंवा पोतेऱ्याला.

सुगी आटोपून हाताला उसंत मिळाली, की अंगणात जुने लुगडे ताणून अंथरीत, त्यावर धडप्यांचे थर पसरीत, कोपऱ्यांवर दगड ठेवीत आणि बायका कडेकडेने बसून धावदोऱ्याने आत आत सरकत जात. थर सुरकुतू नयेत म्हणून कडेपासून मध्याकडे जाण्याचा हा प्रघात. दुलई, रजई, लेप यांत पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस भरलेला असे आणि त्यांस रोकड लागे. गोधडीची ऊब मात्र केवळ थरांची, आणि वजनही त्याच थरांचे. नवरात्रापूर्वी नदीवर नेलेली भिजली गोधडी पिळावयास दोन माणसे लागत. नाथपंथी जोग्याची कंथा याच जातीची, आणि ठिगळांच्या वस्त्रामुळे गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत. वैराग्याने हे वस्त्र दारिद्र्याकडून उसने घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, पुढे गिरण्यांचे स्वस्त छापील कापड बाजारात आले, शिवणयंत्र आले, सदरा, कोट आणि पोलके अंगावर चढले, आणि शिंप्याच्या दुकानात प्रथमच चिंध्यांची रास साचू लागली. गोधडीवरील रंगांची गर्दी मला या राशीचीच संतती वाटते. अशा तुकड्यांच्या कामावरून उत्तर कानड्यातील सिद्दी लोकांची कवंदी नावाची गोधडी येथे आठवते: त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातील गुलामीतून निसटून हल्याळ-येल्लापूरच्या रानात शिरले. त्यांच्या बायका कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणांचा ‘फुला’ शिवतात आणि त्यावाचून ती नागडी समजतात.

गिरणीने गोधडी मारली असे म्हणतात, ते मला पटत नाही. तिने उलट माल पुरविला. गोधडीचा खरा प्रतिस्पर्धी बोहारीण. शहरातील घरात जुन्या लुगड्यावर गोधडीचा जो मिरासी हक्क होता, तो भांड्याच्या मोबदल्यात हिने संपुष्टात आणला. जुनेराला बाजारात किंमत आहे हे एकदा कळल्यावर ते उन्हाळाभर अंगणात शिवीत बसणार कोण? १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले तेव्हा फाटक्या धोतराचीही किंमत पुन्हा वाढली, परंतु ती टंचाईची किंमत होती, टंचाईबरोबर ओसरली. मग नायलॉन आले, जे ना घाम शोषते ना सुईखाली स्थिर राहते. आता दुकानांतून कोऱ्या कापडाचे मुद्दाम तुकडे पाडून ते पुन्हा जोडलेल्या गोधड्या विकावयास असतात, आणि त्या बऱ्याच महाग असतात.