भिल–गुजर संघर्ष, नंदुरबार जिल्हा
भिल आदिवासी व गुजर शेतकरी यांच्यातील जमीन, मजुरी व सावकारीवरून उद्भवलेला संघर्ष. शहादा–तळोदे सपाटीवरील भिलांच्या काळ्या जमिनी कर्जापोटी गुजर पाटलांकडे गेल्या. अनेक कसणारे सालदार झाले : उचल घ्यायची आणि वर्षाच्या बोलीने राबायचे. पिकांवर पीक संरक्षण सोसायट्यांचे राखणदार असत. धडगावच्या (पहा : अक्राणी) डोंगराळ भागात गुजरांचा शिरकाव तुलनेने कमी झाला. 1930 च्या दशकात भिलांमधील सुधारक गुलाम महाराजांच्या आप पंथाने दारूबंदीवर भर दिला. 1971 मध्ये पाटीलवाडी येथे धान्यावरून उसळलेल्या संघर्षात गोळीबार झाला. त्यानंतर भिल कार्यकर्ते अंबरसिंग महाराजांचे कार्य विस्तारले. 1972 मध्ये श्रमिक संघटना (पहा) उभी राहिली. तिच्या आंदोलनाचा खरा गाभा जमीनवापसी हा होता. 1974 च्या राज्य अधिनियमाने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 दरम्यान बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली.