रूबेनचं स्वातंत्र्य

१९१७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये रोलंड डॅगनहार्ट नावाचा एक गिरणी कामगार कोर्टात गेला. मागणी काय? माझ्या पोरांना गिरणीत काम करू द्या. जॉन आणि रूबेन ही ती दोन पोरं: एक सोळाच्या आत, दुसरा चौदाच्याही आत.

१९०० च्या जनगणनेत अमेरिकेत १० ते १५ वयाची साडेसतरा लाखांच्या आसपास मुलं कामाला होती. म्हणून १९१६ मध्ये काँग्रेसने कायदा केला: चौदाखालच्या मुलांना राबवणाऱ्या कारखान्याचा माल राज्याबाहेर विकायचा नाही, आणि सोळापर्यंतच्या मुलांना दिवसाला आठच तास काम. दक्षिणेतल्या कापड गिरणीमालकांना हे परवडणारं नव्हतं. पण मालकाने तक्रार केली तर सहानुभूती कोण दाखवणार? म्हणून त्यांनी एक गरीब बाप शोधला आणि वकिलांचा खर्च उचलला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. कारण दिलं ते राज्यांच्या अधिकारांचं.

मग १९२४ मध्ये काँग्रेसने थेट घटनादुरुस्ती मंजूर केली. विरोधकांनी बालमजुरीची बाजू घेतलीच नाही. ते कुटुंबाबद्दल बोलले: उद्या वॉशिंग्टनचा साहेब ठरवणार का, की शेतकऱ्याच्या पोराने गाय दोहायची की नाही? हा रशियन बोल्शेविकांचा कट आहे, असाही प्रचार झाला. सुधारणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मॅसॅच्युसेट्सनेही दुरुस्ती नाकारली. ३६ राज्यांची संमती हवी होती, मिळाली २८ ची. मुदत घातलेली नसल्यामुळे ती दुरुस्ती आजही कागदोपत्री लटकलेली आहे.

या विरोधकांत सगळेच ढोंगी नव्हते. पोराचा पगार थांबला तर चूल कशी पेटणार, ही भीती खरी होती. पण त्यावर उपाय म्हणून बापाची मजुरी वाढवा, असं काही गिरणीमालक म्हणाले नाहीत.

शेवटी १९३८ च्या कायद्याने बालमजुरीवर देशभर बंधनं आली आणि १९४१ मध्ये न्यायालयाने आपला जुना निकाल एकमताने फिरवला. म्हणजे वीसेक वर्षं गेली. एका आख्ख्या पिढीचं बालपण.

२०२३ मध्ये आर्कान्सॉने सोळाखालच्या मुलांना कामावर ठेवताना लागणारा सरकारी परवाना रद्द केला. समर्थनाचा मुद्दा ओळखीचा होता: पालकांना सरकारची परवानगी कशाला? गंमत म्हणजे १९२४ ची दुरुस्ती सर्वात आधी मान्य करणारं राज्य आर्कान्सॉच होतं.

आणि रूबेन? खटल्यानंतर काही वर्षांनी एक पत्रकार त्याला भेटला. तोवर त्याचं लग्न झालं होतं, वजन होतं जेमतेम ४८ किलो. शाळा सुटल्याची खंत त्याने बोलून दाखवली. ज्याच्या स्वातंत्र्यासाठी खटला लढला गेला, त्याला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.